टाइप २ मधुमेह आणि लक्षणांविना हृदयविकार: कोणती तपासणी, कोणत्या क्रमाने

मधुमेह असलेल्या माणसाच्या ईसीजीवर कधीकधी जुन्या हार्ट अटॅकची खूण सापडते आणि त्याला तो अटॅक आठवतच नसतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासात टाइप २ मधुमेहाचे निदान नुकतेच झालेल्यांपैकी साधारण सहांत एकाच्या ईसीजीवर अशी खूण होती. हे कळले की बहुतेकांना वाटते, आताच ट्रेडमिल (पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) करून टाकावी, नाहीतर सरळ सीटी अँजिओग्राफी (डाय टोचून हृदयधमन्यांचा सीटी स्कॅन). भीती रास्त आहे, पण सुरुवात तिथून करायची नाही.

कारण हे करून पाहिलेले आहे. डायड या चाचणीत ५० ते ७५ वयाचे, छातीची कोणतीही तक्रार नसलेले १,१२३ मधुमेही घेतले. निम्म्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा न्यूक्लिअर स्कॅनने तपासला, उरलेल्यांचा नाही. तपासलेल्यांपैकी २२ टक्क्यांत दोष दिसला. तरी जवळपास ५ वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक यांचे प्रमाण तपासलेल्यांत २.७ टक्के आणि न तपासलेल्यांत ३.० टक्के होते, म्हणजे फरक नाहीच. २००९ मध्ये हा निकाल आला. २०१४ मध्ये फॅक्टर-६४ या चाचणीत ९०० मधुमेहींवर सीटी अँजिओग्राफी वापरून हाच प्रश्न विचारला. चार वर्षांनंतर तिथेही ठोस फरक निघाला नाही. दोन्हीकडे न तपासलेल्यांनाही रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची औषधे नीट मिळत होती, आणि खरा फायदा त्या औषधांचाच होता. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन लक्षणे नसलेल्या सरसकट सगळ्यांची ब्लॉकेजसाठी तपासणी करू नका असे सांगते.

याचा अर्थ काहीच तपासायचे नाही असा नव्हे. प्रत्येक तपासणीआधी एक प्रश्न विचारायचा: निकाल असा आला किंवा तसा आला, तर उपचारात काय बदलेल? काहीच बदलणार नसेल तर ती तपासणी सोडून द्यावी. पुढचा क्रम याच प्रश्नावर बेतला आहे.

आधी, शोधायचे काय

"छुपा हृदयविकार" या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. हृदयधमन्यांत साठलेले चरबीचे थर आणि त्यामुळे श्रमाच्या वेळी कमी पडणारा रक्तपुरवठा, ही पहिली. न कळता होऊन गेलेला अटॅक, ही दुसरी. हृदयाचा स्नायू ताठर किंवा कमजोर होत जाणे, ही तिसरी. धमन्या स्वच्छ असूनही मधुमेहात हे होते. चौथी म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ज्यात ठोके अनियमित पडतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. लोक पहिलीच्या मागे धावतात. लवकर सापडल्यावर उपचार ठळकपणे बदलतो तो मात्र तिसरीत आणि चौथीत.

विकार छुपा राहण्याचे मुख्य कारण चेतातंतूंची इजा. पायांची जाणीव कमी करणारा मधुमेह हृदयाकडून वेदना वाहून नेणारे तंतूही बोथट करतो. त्याच्या जोडीला आणखी एक साधे कारण असते: माणूस नकळत हालचाल कमी करत जातो, आणि श्रमच झाले नाहीत तर लक्षण येणार कुठून?

पायरी १: लक्षणे खरोखर नाहीत ना?

"छातीत दुखते का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर मिळाले म्हणून थांबू नये. विचारायचे ते असे:

- सहा महिन्यांपूर्वी जे सहज करत होता आणि आता टाळता, असे काही आहे का? जिना, चढ, बरोबरीच्या माणसाच्या वेगाने चालणे?
- श्रम केल्यावर धाप, घाम, मळमळ, जबडा, खांदा किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाते का?
- रात्री उशा वाढवाव्या लागतात का? संध्याकाळी घोट्याशी मोज्याचा वळ खोल उमटतो का?
- चालताना पोटरी भरून येते आणि उभे राहिल्यावर मोकळी होते का?

यातल्या एकाचेही उत्तर "हो" असेल तर ही स्क्रीनिंग राहिली नाही. आता ते लक्षणाचे निदान आहे, त्याचा रस्ता वेगळा आणि तातडी जास्त. हे प्रश्न घरच्या माणसासमोर विचारावेत. रुग्ण "वय झाले" म्हणून सोडून देतो ते शेजारी बसलेला माणूस सांगून टाकतो.

अचानक दरदरून घाम, धाप, उलटी, कारण न सापडता एकाएकी चढलेली साखर, यांपैकी काही झाले तर घरी वाट पाहत बसू नये. मधुमेहात अटॅक असा वेष बदलूनही येतो. लगेच रुग्णालय गाठून ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्तचाचणी) करायचे.

पायरी २: धोका कागदावर मांडा

या पायरीला यंत्र लागत नाही. कदाचित म्हणूनच ती सर्वात जास्त वेळा गाळली जाते.

वय, मधुमेहाला किती वर्षे झाली, धूम्रपान, वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत अथवा आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार, रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता), लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन), दृष्टिपटलाची आणि पायांची तपासणी: हे सगळे एका पानावर आणावे. ४० ते ६९ वयाच्या आणि हृदयविकार अजून नोंदला न गेलेल्या मधुमेहींसाठी २०२३ मध्ये युरोपीय हृदयरोग संघटनेने स्कोर-२ डायबेटिस हे गणित स्वीकारले. ते पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगते: ५ टक्क्यांखाली कमी, ५ ते १० मध्यम, १० ते २० जास्त, २० आणि वर अतिजास्त. ते युरोपातल्या लोकसंख्येवर बेतलेले आहे, म्हणून इतरत्र तो आकडा अंदाज म्हणून वाचावा.

काहींना गणिताचीही गरज नसते. ईजीएफआर ४५ च्या खाली, किंवा ४५ ते ५९ असून लघवीत अल्ब्युमिन ३० ते ३००, किंवा अल्ब्युमिन ३०० च्या वर, किंवा डोळे, मूत्रपिंड आणि चेतातंतू या तिन्ही ठिकाणी इजा असेल तर तो माणूस थेट अतिजास्त धोक्याच्या गटात जातो.

लघवीच्या तपासणीबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. मागायची ती अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची चाचणी, नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा. साध्या पट्टीवर "प्रोटीन निल" आले म्हणून निश्चिंत होऊ नये. सुरुवातीची गळती पट्टीला दिसत नाही. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वरचा आकडा असामान्य. पण आदल्या दिवशी जोरदार व्यायाम, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा फार चढलेली साखर असेल तर आकडा खोटा वाढतो. म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच शिक्का मारायचा. हृदयधमन्यांचे अस्तर बिघडले आहे याची इतकी स्वस्त सूचना दुसरी क्वचितच मिळते.

रक्तदाब मोजताना पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेकू, हात हृदयाच्या उंचीवर, लघवी करून आलेले असणे आणि दंडाला पुरेल एवढा कफ हवा. जाड दंडावर लहान कफ बांधला तर आकडा हमखास जास्त येतो.

पायरी ३: नाडी, उभे राहणे आणि घोटा

मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ताल अनियमित वाटला तर ईसीजी. ६५ नंतर हे दर भेटीत व्हावे. विश्रांतीतही नाडी १०० च्या वर राहत असेल आणि ताप, रक्तक्षय, थायरॉइड असे कारण नसेल, तर हृदयाचा वेग सांभाळणारे चेतातंतू बिघडल्याचा संशय घ्यावा.

मग पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या, उभे करा, आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर निकाल असामान्य. मात्र पाणी कमी पडणे, लघवी वाढवणारी औषधे, प्रोस्टेटच्या काही गोळ्या यांनीही असेच होते. आधी औषधांची यादी पाहावी.

श्वासाची चाचणी ईसीजी यंत्रावर एका मिनिटात होते. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे सहा श्वास. सर्वात वेगवान आणि सर्वात मंद ठोक्यांमध्ये मिनिटाला १५ किंवा अधिक फरक चांगला, १० किंवा कमी वाईट. वयाबरोबर हा फरक आपोआप घटतो, म्हणून साठीनंतर सीमेवरचा आकडा जपून वाचावा. या चाचण्यांना महत्त्व यासाठी की डायडमध्ये या तंतूंचा बिघाड आणि स्कॅनमधला दोष एकत्र आढळले होते.

मधुमेहाला दहा वर्षे झालेली, वय ६५ च्या वर, पायावर जखम किंवा डोळे-मूत्रपिंडाची इजा, अशांसाठी घोटा-दंड निर्देशांक काढावा. पाच ते दहा मिनिटे झोपवून हातातल्या डॉपलरने (रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र) घोट्याच्या दोन्ही धमन्यांचा दाब घ्यायचा, त्यातला मोठा आकडा दोन्ही दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागायचा. घोट्याला ११८ आणि दंडाला १४० असेल तर ०.८४. ०.९० किंवा कमी म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद, आणि पायाच्या अरुंद असल्या की हृदयाच्याही असण्याची शक्यता मोठी. १.४० च्या वरचा आकडा उत्तम समजण्याची चूक वारंवार होते. त्याचा अर्थ कॅल्शियमने धमनी इतकी कडक झाली आहे की कफने ती दबतच नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून दंडाच्या दाबाने भागावा; तिथे ०.७० किंवा कमी असामान्य.

पायरी ४: ईसीजी, आणि तो जुन्याशी ताडून

विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल आला म्हणून ब्लॉकेज नाही असे ठरत नाही. तो काढायचा तो जुन्या अटॅकची क्यू-लहर, डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा संदेश अडणे), डाव्या कप्प्याची जाडी आणि एट्रियल फिब्रिलेशन यांच्यासाठी. निदानाच्या वेळी काढलेली प्रत जपून ठेवावी. पुढे कधी शंका आली तर त्या एका कागदावर बरेच ठरते.

यंत्राने छापलेल्या "जुना अटॅक असू शकतो" या वाक्यावर रडारड करण्याआधी दोन गोष्टी पाहा. व्ही-१ आणि व्ही-२ हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगड्यांच्या फटीत हवेत. घाईत ते एक-दोन फटी वर लागतात आणि पुढच्या भागात अटॅक होऊन गेल्याचा भास होतो. तसेच एकट्या लीड ३ मधली क्यू-लहर बऱ्याचदा निरुपद्रवी असते आणि खोल श्वास घेतल्यावर लहान होते किंवा जाते. इलेक्ट्रोड नीट लावून ईसीजी परत काढावा. तरीही खूण राहिली तर पुढे इको (हृदयाची सोनोग्राफी).

पायरी ५: एनटी-प्रोबीएनपी

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ती हे द्रव्य रक्तात सोडते. मधुमेहात वर्षातून एकदा ही रक्तचाचणी करण्याचा विचार करावा, असे आता सुचवले जाते. एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त, अथवा बीएनपी ५० किंवा जास्त आले तर टू-डी इको. इकोत पंपिंगचा टक्का बघून थांबू नये; भिंतीची जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि स्नायू सैल पडण्यातला दोष अहवालात लिहिलेला असावा. मधुमेहात पंपिंग ६० टक्के असूनही हृदय ताठर असू शकते.

आकडा कुठे फसवतो? लठ्ठ माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. वय, मूत्रपिंडाचा विकार आणि एट्रियल फिब्रिलेशन यांत तो वाढतो. सॅक्युबिट्रिल असलेले औषध चालू असेल तर बीएनपी नको, एनटी-प्रोबीएनपीच करावी, कारण ते औषध बीएनपीचे विघटन रोखते.

पायरी ६: कॅल्शियम स्कोर, पण ठरावीक लोकांसाठी

ही हृदयधमन्यांतले कॅल्शियम मोजणारी साधी सीटी असते. सुई नाही, डाय नाही, किरणोत्सर्ग सुमारे १ मिलिसिव्हर्ट. ज्यांचा धोका मध्यम निघाला आहे आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) किती जोरात द्यायचे यावर डॉक्टर-रुग्ण अडलेले आहेत, त्यांना तिचा खरा उपयोग. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट आहे, किंवा जे आधीच अतिजास्त धोक्यात आहेत, त्यांनी ती करू नये. उत्तर काहीही आले तरी औषध तेच राहणार.

शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी. पण मधुमेहात हा दिलासा इतरांइतका दिवस टिकत नाही आणि मऊ, कॅल्शियम न धरलेला थर या स्कॅनला दिसत नाही. म्हणून शून्यावर स्टॅटिन बंद करू नये. १०० च्या वर आला तर एलडीएल कडकपणे खाली आणावे. ४०० च्या वर असेल तर स्ट्रेस टेस्टचा (श्रमाच्या किंवा औषधाच्या ताणाखाली हृदय तपासण्याचा) विचार रास्त. स्टॅटिन घेताना हा आकडा वाढू शकतो, कारण मऊ थर कडक आणि स्थिर होतो. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ लावून स्कॅन पुन:पुन्हा करत बसू नये.

पायरी ७: स्ट्रेस टेस्ट कोणाची, कोणती

आधीच्या पायऱ्यांत क्यू-लहर, बंडल ब्लॉक, घोट्याचा निर्देशांक कमी, मानेच्या धमनीत आवाज, पूर्वी पक्षाघात, फार मोठा कॅल्शियम स्कोर किंवा पहिल्या पायरीतले संशयास्पद उत्तर निघाले असेल, तरच इथे यावे. उगाच केल्यास काय होते ते गणितातून दिसते. समजा लक्षणे नसलेल्या १,००० जणांपैकी १०० जणांना मोठे ब्लॉकेज आहे. जुन्या एकत्रित विश्लेषणांत साधी ट्रेडमिल १०० आजाऱ्यांपैकी ६८ पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ७७ जणांना बरोबर नॉर्मल म्हणते. म्हणजे खरे पॉझिटिव्ह ६८, खोटे २०७. पॉझिटिव्ह आलेल्या चौघांपैकी तिघे निष्कारण अँजिओग्राफीच्या दारात, आणि ३२ आजारी "नॉर्मल" म्हणून घरी.

ट्रेडमिल निवडायची ती चालता येते आणि विश्रांतीचा ईसीजी वाचण्याजोगा आहे अशांसाठी. ब्रूस पद्धतीत ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाने सुरुवात होऊन दर तीन मिनिटांनी वेग-चढ वाढतो. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी जायला हवी. साठीच्या माणसासाठी १३६. तिथे न पोचता थांबलेली टेस्ट "निगेटिव्ह" नव्हे, अपुरी आहे. मधुमेहींमध्ये हे फार घडते: गुडघे, बधिर पाय, बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारे औषध), किंवा बिघडलेले तंतू नाडी चढूच देत नाहीत. अहवालात किती टक्के गाठले ते पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नये. चालता येत नसेल किंवा बंडल ब्लॉक, पेसमेकर असेल तर डोब्युटामिन इको (औषधाने हृदयाचा वेग वाढवून केलेला इको) वा औषध देऊन केलेला न्यूक्लिअर स्कॅन.

तयारीत बिघडते ते इथे:

- उपाशी राहून नेहमीचे इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी घेतल्याने साखर उतरते. त्या सकाळचा डोस आधीच ठरवून घ्या, पोचल्यावर साखर मोजा, गोड काही जवळ ठेवा.
- बीटा-ब्लॉकर थांबवायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे.
- अ‍ॅडिनोसीनसारखे औषध देणार असतील तर १२ ते २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. कॅफिनमुळे औषधाचा परिणामच होत नाही. दमा असेल तर आधी सांगा.
- दृष्टिपटलावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या असतील तर जोराचे श्रम आणि श्वास रोखून जोर लावणे टाळावे. डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. पायावर उघडी जखम असेल तर ट्रेडमिल नको.
- सीटी अँजिओग्राफी ठरली तर क्रिएटिनिन ताजे हवे. ईजीएफआर ३० ते ६० असेल तर मेटफॉर्मिन डायच्या वेळी थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंड तपासूनच परत सुरू करण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. सिल्डेनाफिल गटातली गोळी घेतली असेल तर लाजू नका, सांगा. स्कॅनच्या वेळी नायट्रोग्लिसरीन देतात आणि दोन्ही मिळून रक्तदाब कोसळतो.

निकाल हातात आल्यावर

ब्लॉकेज दिसले म्हणजे स्टेंट, असे समीकरण नाही. बारी-२डी या चाचणीत २,३६८ मधुमेही होते. लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्यांचा आणि नेटक्या औषधोपचारावर ठेवलेल्यांचा मृत्युदर सारखाच राहिला. २०२० च्या इस्कीमिया चाचणीत मध्यम ते तीव्र दोष असलेल्या ५,१७९ जणांतही लगेच हस्तक्षेप केल्याने मृत्यू किंवा अटॅक घटले नाहीत. छातीत दुखणाऱ्यांचा त्रास मात्र कमी झाला. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा, घसरलेले पंपिंग, वाढती लक्षणे हे अपवाद. तिथे उशीर नको.

बाकीच्यांसाठी निकाल औषधे ठरवतो. एलडीएल जास्त धोक्यात ७० च्या खाली आणि अतिजास्त धोक्यात ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. त्यासाठी एटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम, पुरले नाही तर इझेटिमिब. रक्तदाब सोसेल तसा १३०/८० च्या खाली. हृदय ताठर किंवा कमजोर, वा मूत्रपिंड बाधित असेल तर एसजीएलटी-२ गटातले औषध. धमन्यांचा विकार आणि जास्त वजन हे मुख्य प्रश्न असतील तर जीएलपी-१ गट. ही दोन्ही औषधे साखरेचा आकडा ठीक असला तरी द्यायची असतात, हे अनेकांच्या गळी उतरत नाही. फिब्रिलेशन सापडले तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय लगेच.

ॲस्पिरिन आपल्या मनाने सुरू करू नये. असेंड चाचणीत १५,४८० मधुमेहींमध्ये ते घेणाऱ्यांना गंभीर रक्तवाहिनी-विकार १२ टक्क्यांनी कमी झाले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले.

परत केव्हा

पायरी १ ते ३ आणि एनटी-प्रोबीएनपी वर्षातून एकदा. ईसीजीही त्याच भेटीत काढलेला बरा. शून्य कॅल्शियम स्कोर ३ ते ५ वर्षांनी परत करता येतो. लक्षणे नसताना दरवर्षी ट्रेडमिल करण्याला आधार नाही. उलट, गेल्या महिन्यातली ट्रेडमिल नॉर्मल होती आणि आज जिन्यात नवीनच धाप लागली, तर तो जुना अहवाल दाखवून स्वतःची समजूत घालू नये. स्ट्रेस टेस्टला दिसतो तो रक्त अडवणारा अरुंद भाग. फुटून अटॅक आणणारा थर कित्येकदा इतका लहान असतो की त्याने रक्त अडवलेलेच नसते. नवे लक्षण आले की त्याच दिवशी ईसीजी, आणि तपास पहिल्या प्रश्नापासून.